धर्मारावांच्या नावाचं कुलूप

१२ जानेवारी, रविवार

ही डायरी बँकेने ह्यांना फुकट दिली. ‘मी काय लिहू? सकाळी चहा प्यालो, संध्याकाळी चहा प्यालो?’ असं म्हणून ह्यांनी ती माझ्याकडे सरकवली. बरंच झालं. आज मला कुणाशी तरी बोलायचंच आहे, आणि माणसाशी बोललं की ते आमच्या राई गावभर होतं.

आज माझ्याच घरात एका पोरीने माझा पाणउतारा केला. नाव पूर्वी. आपल्याच कोळी समाजातली, मूळची उत्तनची. आईवडील आता भाईंदरच्या इंद्रलोक भागात फ्लॅटमध्ये राहतात. अंधेरीला एका कंपनीत लोकांची माहिती सांभाळायचं काम करते म्हणे. केंद्रात नाव नोंदवायला आली. फोटो दिला, पत्रिका दिली, आणि मग मी माझा नेहमीचा प्रश्न विचारला, ‘आता खरी माहिती?’

ही आमच्या आई एकविरा वधू-वर केंद्राची रीत आहे, मीच पाडलेली. पत्रिकेत गुण जुळतात, पण खोट काय ती लग्नानंतर कळते आणि पोरी रडत माहेरी येतात. म्हणून माझ्याकडे नाव घालायचं तर जे लपवावंसं वाटतं ते आधी मला सांगायचं. आजार, मोडलेलं लग्न, व्यसन, जे असेल ते. मी ते कॉम्प्युटरात ठेवते. दोन्ही घरं पसंतीला आली की साखरपुड्याआधी पोरगा-पोरगी माझ्या ह्या सोफ्यावर बसतात आणि एकमेकांना आपल्या तोंडाने सांगतात. आईबाप बाहेर. मी फक्त कुणी चोरटेपणा करत नाही ना ते बघायला.

पूर्वी म्हणाली, ‘मावशी, हे ठेवता कुठे?’

मी लॅपटॉप फिरवून दाखवला. समोरच फाईल, नाव ‘खरी माहिती’.

‘कुलूप नाही ह्याला?’

‘दाराला आहे की,’ मी म्हटलं. ‘आणि माझ्या तोंडाला आहे. अगं, मी कुणाचं कुणाला सांगत नाही. आता मुर्धा गावचा तो पोरगा

[इथल्या तीन ओळी मी नंतर शाईने काळ्या केल्यात.]

आता एवढं मोठं प्रकरण, पण सांगितलं का मी कुणाला?’

पोरगी माझ्याकडे बघून हसली. मला वाटलं, पटलं. तर म्हणते, ‘मी पुढच्या रविवारी येते. तुम्हाला एक पेटी बनवून देते. मग सांगेन.’ आणि उठली. पोह्यांची बशी तशीच. माझ्या हातचे पोहे आजवर कुणी टाकले नव्हते.

१९ जानेवारी, रविवार

अंगावरचा काटा अजून गेलेला नाही.

पूर्वी आली. आज तिने पोहे संपवले, ते आधी लिहून ठेवते. मग लॅपटॉप मांडीवर घेतला आणि म्हणाली, ‘मावशी, एक वाक्य लिहा. कुठलंही.’ मी लिहिलं, ‘आज सुरमई महाग होती.’ तिने एक बटण दाबलं. वाक्य गेलं! त्याच्या जागी अक्षरं, आकडे, कंस, टिंबं, ओट्यावर सुकट सांडावी तशी. मी म्हटलं, ‘मोडलंस काय?’ तिने किल्ली टाईप केली, आणि सुरमई परत आली. जशी होती तशी, महाग.

मग म्हणाली, ‘आता सुरमईच्या जागी हलवा करा.’ केलं. पुन्हा बटण दाबलं, तर सगळीच्या सगळी सुकट बदलली. एक शब्द हलला, तर आधीच्यातलं काही म्हणजे काही जागेवर राहिलं नाही. एन्क्रिप्शन म्हणतात ह्याला. मी आपली कुलूपच म्हणणार.

‘ही युक्ती त्या लोकांनी लपवून ठेवली असेल ना?’ मी विचारलं.

‘नाही मावशी. रीत सगळ्या जगाला माहीत आहे. पुस्तकात छापलीय. लपवायची फक्त किल्ली.’

हे मला काही केल्या पचेना. कुलूप कसं घडवलं ते चोराला समोर बसवून शिकवायचं, हातात कुलूप द्यायचं, आणि तरी त्याने जन्मभर खटपट करत बसायचं! ती म्हणते, जन्मभर कसला, जगातले सगळे कॉम्प्युटर एकत्र बसवले तरी सूर्य विझेल पण हे उघडायचं नाही. किल्ली चांगली असेल तर.

‘पोलीस आले तर?’

‘किल्लीशिवाय नाही.’

‘नगरसेवक?’

‘नाही हो.’

‘आणि एकविरा आई?’

‘तिला तुमची किल्ली आधीच ठाऊक असणार,’ म्हणाली. मी लगेच देवाकडे बघून हात जोडले. माझ्या ह्या डुगडुगत्या टेबलावर एवढी मोठी गोष्ट येऊन बसलीय आणि बाहेर भाजीवाला भेंडी भेंडी ओरडतोय. कुणाला पत्ता नाही.

माझी सगळी ‘खरी माहिती’ तिने माणसागणिक वेगळी करून अशाच कुलपाच्या एका पेटीत ठेवली. तिची किल्ली म्हणजे एक वाक्य. लांब हवं, आपण कधी विसरणार नाही असं हवं, आणि आणखी काहीतरी म्हणाली, तेवढ्यात कुकरची शिट्टी झाली. मला तर क्षणात सुचलं. लग्नापासून तोंडात बसलेलं आहे, झोपेतून उठवलं तरी म्हणेन. इथे अर्थात लिहीत नाही, मी काय खुळी आहे? पूर्वीने तोंड फिरवलं आणि मी टाईप केलं. ती म्हणाली, ‘मावशी, ओठ हलतायत तुमचे.’ हलू देत. सवय आहे.

पण मग माझं डोकं फिरलं. तिची खरी माहिती तिने स्वतःच टाईप केली, आणि त्याला तिचं वेगळं कुलूप! पेटीच्या आत पेटी. म्हणे, ‘वेळ आली की मीच उघडेन.’ मी म्हटलं, ‘म्हणजे मला नाही सांगणार? केंद्र कुणाचं?’ ती म्हणाली, ‘तब्येतीची गोष्ट आहे, एवढं सांगते. संसाराच्या आड येणारी नाही. पण एकदा ती बाहेर फुटली, दुसऱ्याच्या तोंडून, आणि जमलेलं लग्न मोडलं. आता ज्याला सांगायची त्याला मी सांगणार, माझ्या तोंडाने.’ मी तिच्यापुढे आणखी पोहे ठेवले. पण बोच आहे. माझ्याच घरात, माझ्याच लॅपटॉपात, आणि मलाच परकी.

२६ जानेवारी, रविवार

झेंडावंदन करून स्वरूप आला. स्वरूप म्हणजे धाकट्या जावेचा, सुगंधाचा मुलगा. दीर गेल्यापासून सुगंधाचं सगळं जग म्हणजे हा एकुलता एक पोरगा. मला मोठी आई म्हणतो. मध्ये दोन वर्षं पुण्याला नोकरीला होता, आता दहिसरला आहे. म्हणाला, ‘मोठी आई, माझंही नाव घाल केंद्रात. आणि तुझी ती खरी माहितीही घे.’

मग त्याने सांगितलं. पुण्याच्या त्या दोन वर्षांचं. मी ऐकत होते आणि हातातला पदर पिळत होते. हाच का तो, ज्याला मी अंगाखांद्यावर खेळवलं? एवढं सगळं एकट्याने? काय ते मी इथे लिहीत नाही. आता तो बरा आहे, तेवढं पुरे.

‘आईला ठाऊक नाही,’ तो म्हणाला. ‘मी सांगणार आहे. पण मी, माझ्या वेळेला. तुझ्या पेटीत राहील ना नीट?’

‘सूर्य विझेल,’ मी म्हटलं, ‘पण उघडायची नाही.’ तो हसला.

रात्री जेवायच्या आधी बाराव्या तारखेच्या त्या तीन ओळी काळ्या केल्या. मुर्ध्याच्या पोराची माफी मागितली, मनातल्या मनात. ही वही उघडी आहे, आणि मी तिच्यात माणसांना पांघरुणाशिवाय झोपवत होते. ह्यांनी विचारलं, ‘काय खरडतेयस एवढं?’ मी म्हटलं, ‘झाकतेय.’

२ फेब्रुवारी, रविवार

आमच्याकडे हळदीकुंकू. अख्खी आळी लोटली. दीर गेले तरी सुगंधाला मी बोलावतेच, कोण काय म्हणतंय बघते!

उखाणे सुरू झाले तशा सगळ्या माझ्यामागे लागल्या. माझा उखाणा आमच्या आळीत प्रसिद्ध आहे. लग्नात मी स्वतः रचून घेतला होता, आणि तेव्हापासून दर वर्षी तोच:

भरतीला फुगते खाडी, ओहोटीला दिसतो गाळ,
धर्मारावांच्या नावाने घातली मी माळ!

मी ‘भरतीला’ म्हटलं की पुढचं सगळ्या बायका एका सुरात म्हणतात. शेजारची बारकी भाविकासुद्धा म्हणते, दात पडलेत तरी. आळीतल्या रसिकाने मोबाईलवर व्हिडिओ काढला आणि तिथल्या तिथे महिला मंडळाच्या ग्रुपवर टाकला. हे आतल्या खोलीत लाजून बसले होते.

वाण वाटताना मी पेटीचंही सांगितलं. सांगू नये का? भाईंदर पश्चिमेत कुठल्या केंद्राकडे असं आहे? मी म्हटलं, ‘बायांनो, तुमच्या पोरांच्या सगळ्या गोष्टी आता कुलपात.’ रसिका म्हणाली, ‘किल्ली कुठे ठेवतेस?’ मी म्हटलं, ‘किल्ली माझ्या तोंडात! लग्नाच्या दिवसापासून!’ सगळ्या हसल्या. सुगंधा तेवढी हसली नाही, माझ्याकडे बघत राहिली. उखाण्यांच्या वेळी तिला दिरांची आठवण येत असणार. मी तिला जास्तीचे दोन तिळाचे लाडू बांधून दिले.

९ फेब्रुवारी, रविवार

स्वरूप आणि पूर्वीची गाठ घालून दिली. माझ्या डोक्यात हे पहिल्या दिवसापासून होतं, जी पोरगी माझे पोहे टाकून जाते तिच्यात काहीतरी असणार. दोघं गच्चीवर सुकत घातलेल्या बोंबलांच्या शेजारी उभे राहून बोलत होते. खाली आले तर चहा गार आणि दोघांच्या चेहऱ्यावर दिवाळी.

सुगंधा थांबली होती. पाहुणे गेल्याबरोबर मला कोपऱ्यात घेतलं.

‘पोर चांगली हाय. पन खोट काय हाय तिच्यात?’

‘मला माहीत नाही.’

‘तुला न्हाय माहीत? जाऊबाय, तुला राईतल्या मांजरांची बी माहिती असते!’

‘पेटीत आहे. तिचं वेगळं कुलूप आहे. ती स्वरूपला सांगेल, स्वरूप तिला सांगेल. तू मध्ये पडू नकोस.’

‘स्वरूपला काय सांगायचंय? माझा पोरगा कोरा कागद हाय!’ आणि तणतणत गेली. मी जीभ चावली. पण तिला काही कळलं नसावं.

१५ फेब्रुवारी, शनिवार

उत्तनला भाचीच्या मुलाचं बारसं. आम्ही दोघंही गेलो. गॅसवाला येणार होता, तर सुगंधा स्वतःहून म्हणाली, ‘मी बसते तुझ्या घरात.’ राग धरून बसत नाही, हा तिचा गुण.

परत आलो तर सिलिंडर दारातच, आणि सुगंधा गायब. बोंबील वळवायला सांगितले होते, ते वळवले नाहीत. निम्मे कावळ्यांनी नेले. दुपारी तिच्या हातून बोंबील वाया जातात म्हणजे डोकं दुखत असणार. लॅपटॉप सोफ्यावर होता. मी टेबलावर ठेवला होता असं मला वाटतं. सकाळी ह्यांनीच हलवला असणार, ह्यांना वस्तू जागच्या जागी ठेवायची सवयच नाही. त्यावरून जरा वाजलं आमचं.

२ मार्च, रविवार

सुगंधाचं काही खरं नाही. भांडत नाही. मी दोनदा मुद्दाम तिच्या कोळंबीच्या खिचडीला नावं ठेवली, तरी गप्प. आज जेवायला गेले होते, तर स्वरूप जेवताना ही त्याच्या पाठीवरून हात फिरवत बसली होती. तीस वर्षांचा घोडा तो! ‘आणखी घे, पोटभर जेव, जेवतोस ना रे नीट?’ चारचारदा तेच. तो वैतागला. तिच्या डोळ्यांत पाणी होतं, पण चुलीवर मिरच्या भाजत होत्या.

आणि मला म्हणाली, ‘पूर्वीचं पक्कं कर. मना काय बी विचारायचं न्हाय.’

बघा! माझ्या शब्दाला वजन आहे की नाही? मी ह्यांना म्हटलं, अखेर तिला माझ्यावर विश्वास ठेवावाच लागला. हे म्हणाले, ‘सुगंधा आणि काही विचारणार नाही? ताप तर नाही ना तिला?’

१६ मार्च, रविवार

होळीच्या गडबडीत केंद्र बंद होतं. आज पूर्वी आली, पेटी तपासायला. तिला दर महिन्या-दोन महिन्यांनी तपासायची हौस. मी पुरणपोळी गरम करत होते.

‘मावशी, पंधरा फेब्रुवारीला दुपारी कुणाची माहिती बघत होता?’

‘कुणाचीच नाही. आम्ही उत्तनला होतो.’

‘पण पेटी उघडलीय. ती लिहून ठेवते कधी उघडली ते. माझी फाईल उघडायला बघितलंय, चार वेळा. उघडली नाही. मग एक फाईल उघडलीय.’

‘कुणाची?’

तिने स्क्रीन माझ्याकडे केला, स्वतः न वाचता. स्वरूपचं नाव.

मी म्हटलं, अशक्य. सूर्य विझलेला नाही. पूर्वी शांतपणे म्हणाली, ‘वाक्य कुणाला सांगितलं होतंत?’

‘कुणालाही नाही! आईशपथ! माझं आहे ते, माझ्या लग्नातलं.’

‘लग्नातलं म्हणजे?’

आणि मी म्हटलं. म्हणजे तोंडातून ‘भरतीला फुगते खाडी’ एवढंच निघालं, आणि पुढचं पूर्वीने म्हटलं. गाळ, धर्माराव, माळ, सगळं. ‘मावशी,’ ती म्हणाली, ‘हा व्हिडिओ माझ्या आईच्या फोनवर पण आहे.’

हे आतून हसत बाहेर आले, माझं तोंड बघून त्यांचं हसू विझलं. एवढं मोठं कुलूप, जगातल्या कुठल्या राजाला न उघडणारं, आणि मी त्याची किल्ली तीस-पस्तीस वर्षं हळदीकुंकवाला वाटतेय. कुकरची शिट्टी झाली तेव्हा ती तेच सांगत होती. दुसऱ्या कुणाला ठाऊक नसावं.

मला कोण ते विचारावंच लागलं नाही. सिलिंडर, बोंबील, सोफा. आपलेच दात आणि आपलेच ओठ.

१७ मार्च, सोमवार

सकाळी सुगंधाकडे गेले. वाटेत तयारी केली होती, काय काय बोलायचं, आवाज कुठे चढवायचा. अख्खी आळी गोळा करणार होते. ती ओटीवर सुकट निवडत बसली होती. मी समोर उभी राहिले तशी तिने सूप बाजूला ठेवलं.

‘मना ठाव होतं तू येशील,’ म्हणाली. ‘मी पोरीचं बघाय गेलते. तुझा उखाना घातला, पेटी उघडली. पोरीचं नाव दाबलं तर नुसत्या मुंग्या. परत दाबलं, परत मुंग्या. तिथंच उठाय पायजे होतं मी. पन तिच्या खालीच माझ्या पोराचं नाव. जाऊबाय, आईनं पोराचं नाव बघून झाकन लावायचं का?’

मी चप्पल काढून ओटीवर चढले.

‘दोन वर्सं,’ ती म्हणाली. ‘दोन वर्सं रोज मना फोन करून सांगायचा, आई, मी जेवलो. आनि मी हितं बायांना सांगायची, माझा पोरगा पुन्यात सुखात हाय. मना एकदा बी आवाजावरनं कळलं न्हाय. कसली आई मी?’

आळी गोळा करायची राहिलीच. मी तिच्या शेजारी बसले आणि दोघी रडलो. शेजारच्या रामूच्या आईने विचारलं काय झालं, तर सुगंधा म्हणाली, सुकटीत खडे निघतायत. खोटं बोलायला तरी शिकली.

पण माझं काम बाकी होतं. संध्याकाळी स्वरूपला बोलावलं आणि सरळ सांगितलं, ‘कुलूप माझं होतं, आणि किल्ली मी गावाला वाटली होती. तुझ्या आईने वाचलं.’ तो ओरडला असता तर बरं झालं असतं. नुसतं म्हणाला, ‘मला तिला समोर बसवून सांगायचं होतं गं, सुरुवातीपासून. तिने शेवटचं आधी वाचलं.’

ह्याला मी काय भरपाई देणार? माझ्यावर ठेवलेली गोष्ट होती ती. देवापुढचा दिवा सांभाळते, तेवढंही मी तिला सांभाळलं नाही.

तो उठला आणि सरळ घरी गेला. मी मागून गेले, न राहवून. सुगंधाचं दार लोटलेलं होतं, आतून तिचा आवाज येत होता, मग त्याचा. ओटीवर उभं राहिलं असतं तर सगळं ऐकू आलं असतं. मी उभी राहिले नाही. जन्मात पहिल्यांदाच अशी परत फिरले.

२० मार्च, गुरुवार

दोन दिवस फोन करतेय. पेटीतल्या प्रत्येकाला. ‘माझ्या चुकीने पेटी उघडली गेली होती. तुमचं कुणी वाचलेलं नाही, पण वाचता आलं असतं.’ पूर्वी म्हणाली, सांगायलाच हवं, लोकांचा हक्क आहे. एका बाईने मला नाही नाही ते ऐकवलं आणि नाव काढून घेतलं. मुर्ध्याच्या पोरानेही काढलं. मी उलट बोलले नाही. हे म्हणाले, ‘तू आणि उलट बोलली नाहीस?’

नवीन किल्ली केली. पूर्वीने शाळेच्या पुस्तकातून शब्दांच्या चिठ्ठ्या केल्या, मी डोळे मिटून उचलल्या. एकाही शब्दाचा दुसऱ्याशी काही संबंध नाही. आमच्या केंद्रात असं स्थळ जन्मात जुळलं नसतं. पाठ झाल्यावर चिठ्ठ्या गॅसवर जाळल्या. टाईप करताना ओठ दाताखाली धरते.

२३ मार्च, रविवार

पूर्वी आणि स्वरूप आले. माझी रीत आहे की साखरपुड्याआधी सोफ्यावर बसायचं, आणि मी समोर. आज पूर्वी काही बोलायच्या आधीच मी उठले आणि स्वयंपाकघरात गेले. चहा टाकला. दारातून लॅपटॉपची कड दिसत होती.

स्वरूपने आधी आपलं सांगितलं. तो आवाज हळू होता. मग पूर्वीने तिची फाईल समोर घेतली. चार वेळा ठोठावूनही जी उघडली नव्हती ती. लांबून मला नुसती सांडलेली सुकट दिसत होती. तिने टाईप केलं. ओठ जरासुद्धा हलले नाहीत. आणि ती सुकट एका क्षणात ओळींत उभी राहिली. अक्षरं मला एवढ्या लांबून वाचता आली नाहीत, मी चष्मा मुद्दाम ओट्यावर ठेवला होता. पण ते उभं राहणं मी बघितलं. ज्याच्यासाठी होतं तो समोर बसला होता, आणि जगात तेवढ्या एकाच माणसासाठी ते उघडलं. काय सांगू? देवळात गाभाऱ्याचं दार उघडतं तेव्हा मी जशी हात जोडते तशी गॅससमोर हात जोडून उभी राहिले. चहा उतू गेला.

स्वरूप वाचत होता. मग तो म्हणाला, ‘एवढंच?’ आणि पूर्वी रडायला लागली, आणि मग हसायला. मी चहा परत टाकला.

जायच्या आधी तिने ती फाईल पुसून टाकली. ‘आता तिची गरज नाही मावशी.’ स्वरूपनेही आपली पुसली. मला आजही ठाऊक नाही पूर्वीच्या फाईलीत काय होतं. राईतल्या मांजरांची माहिती असलेली मी, आणि माझ्याच पुतण्याच्या होणाऱ्या बायकोचं मला ठाऊक नाही. बोच गेलीय. हलकं वाटतंय.

३० एप्रिल, बुधवार, अक्षय तृतीया

साखरपुडा झाला. हॉल भरून माणसं. पूर्वीने उखाणा घेतला, नवा कोरा, स्वरूपच्या नावाचा. सुगंधाने सुनेची ओटी भरली आणि तिच्या कानात काहीतरी सांगितलं. पूर्वीने मान हलवली. काय ते मी विचारलं नाही. सुगंधा माझ्याकडे बघून म्हणाली, ‘आज न्हाय विचारलंस, जाऊबाय?’ मी म्हटलं, ‘तुझी पेटी, तुझी किल्ली.’

मग सगळ्या माझ्यामागे लागल्या. ‘सत्यवती, उखाणा! उखाणा!’ मी मागेपुढे केलं. मग म्हटलं, आता कसली भीती? उभी राहिले आणि पदर खोचून मोठ्याने ‘भरतीला’ म्हटलं, आणि पुढचं सगळ्या हॉलने म्हटलं. पुरुषांनीसुद्धा. रसिकाने परत व्हिडिओ काढला. काढ बाई, जगाला वाट. आता त्याने कुठलंच कुलूप उघडत नाही. नुसता धर्मारावांच्या नावाचा उखाणा आहे तो, लग्नात होता तसा.

परतीच्या रिक्षात हे जवळ सरकले आणि हळूच म्हणाले, ‘सत्यवती, नवीन किल्लीत माझं नाव आहे का गं?’

नाही म्हटलं तर रुसतील. आणि हो म्हटलं किंवा नाही म्हटलं, काहीही सांगितलं तरी थोडी किल्ली बाहेर गेलीच. घर येईपर्यंत हे विचारत होते. मी त्यांचा हात धरून बसले आणि नुसती हसत राहिले.